परचुऱ्यांची पांढरी नेग्रोनी

खोटं बोलायचंच असेल तर माणसाने असं बोलावं, की ज्याला नंतर बर्फ लागणार नाही. श्यामकांत परचुऱ्यांना हे गुरुवारी कळलं. खोटं ते आदल्या रविवारीच बोलून बसले होते.

प्रसंग तसा साधा. गार्गीने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, निहारला स्वतःच पसंत केलं होतं. आता दोन्हीकडच्या आईवडिलांनी एकमेकांना पसंत करायचं तेवढं राहिलं होतं. त्यासाठी सगळे अंधेरीच्या एका हॉटेलात जमले. निहारचे वडील देवव्रत जाहिरातींच्या धंद्यातले. चुरगळलेला शर्ट मुद्दाम घालणारे आणि वेटरला नावाने हाक मारणारे गृहस्थ. त्यांनी मेनूकार्ड मिटलं आणि सहज विचारलं, "परचुरे, तुम्ही काय घेणार?"

श्यामकांत मुलुंड पूर्वचे, विमा कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले. घेण्याच्या बाबतीत त्यांची मजल कोकम सरबतापर्यंत. फार तर लग्नाच्या पंगतीत मठ्ठा दुसऱ्यांदा. 'मी घेत नाही' एवढं म्हटलं असतं की विषय संपला असता. पण देवव्रत असे काही रेलून बसले होते, की आपण नाही म्हटलं तर हा माणूस आपल्याला जन्मभर काकडी आणि गाजराच्या बाजूला बसवणार, असं श्यामकांतांना वाटून गेलं. त्यात दुर्दैव असं, की त्याच सकाळी शब्दकोडं सोडवायला म्हणून त्यांनी पेपरची पुरवणी उघडली होती आणि कोड्याच्या शेजारी एका विलायती कॉकटेलची कृती छापलेली होती.

"नेग्रोनी," श्यामकांतांच्या तोंडून गेलं. "पण कधीतरीच हं. आणि लाल नाही. लाल जरा जड पडते. मी पांढरी घेतो. जिनचीच, पण हलकी."

त्यांच्या पत्नीच्या, शुभाच्या, हातातला चमचा बशीत पडला. देवव्रत मात्र खुर्चीतून पुढे सरकले. "क्या बात है! अहो परचुरे, इथे बनवणाऱ्यालासुद्धा ती धड येत नाही. आज राहू दे मग. पुढच्या रविवारी आम्ही तुमच्याकडे येतो. तुमच्या हातची घेऊ."

श्यामकांत जाणकारासारखं हसले. हसता हसता त्यांची नजर गार्गीवर गेली आणि हसू तिथेच अडकलं.

त्याचं कारण सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या पार्टीहून गार्गी संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्या तोंडाला बियरचा वास येत होता. एकच ग्लास घेतला, असं ती शपथेवर सांगत होती. श्यामकांतांनी तिला दारातच उभं केलं आणि 'परचुऱ्यांच्या घरात हे चालणार नाही' या विषयावर असं व्याख्यान दिलं, की ते वरच्या दोन आणि खालच्या एका मजल्याला शब्दन् शब्द ऐकू गेलं. एक काय आणि दहा काय, सारखंच, असंही ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मुलीशी अबोला धरला. आणि तेच श्यामकांत आता पांढरी घेत होते, कधीतरी.

परतताना टॅक्सीत गार्गी एकच वाक्य बोलली. "म्हणजे तू घेतोस."

श्यामकांतांपुढे पेच पडला. खरं सांगावं तर ते होणाऱ्या व्याह्यांना थापा मारणारे ठरणार. नाही सांगावं तर मुलीच्या लेखी ढोंगी. रस्ता तुंबलेला होता, त्यामुळे विचाराला वेळ भरपूर मिळाला. पवईचा तलाव आला, गेला. गांधीनगरचा सिग्नल तीनदा हिरवा होऊन तीनदा लाल झाला. भांडुपच्या पुढे कुठेतरी ते म्हणाले, "कधीतरी गं."

"ठीक आहे," गार्गी म्हणाली आणि खिडकीकडे वळली. श्यामकांतांना त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की टॅक्सीवाल्याला पैसे देताना त्यांनी त्याच्याकडेही पाहिलं नाही.

"खरं सांगून टाका तिला," घरी आल्यावर शुभा म्हणाली.

"आता कसं सांगू?"

"जसं खोटं सांगितलंत तसं. तोंडाने."

पण श्यामकांतांनी आयुष्य विम्यात घालवलेलं. मागच्या तारखेपासून लागू करता येत नाही अशी गोष्ट जगात नसते, यावर त्यांचा विश्वास होता. रविवारपर्यंत आपण ती पांढरी नेग्रोनी रीतसर बनवायला शिकलो, आणि रविवारी एक घोट घेतला, की बोललेलं सगळं खरं होणार. त्यांनी पुरवणीतली कृती कात्रीने कापली, घडी करून पाकिटात ठेवली आणि गुरुवारी पूल ओलांडून मुलुंड पश्चिमेला गेले. पूर्वेच्या दारूच्या दुकानात ओळखीचं कुणी भेटलं असतं.

पश्चिमेच्या दुकानात नंदू घाडी भेटला.

नंदू त्यांच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचा. एसी दुरुस्तीचा धंदा. गेल्या आषाढात त्याने गच्चीवर चार मित्र बसवले होते, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी या नात्याने श्यामकांतांनीच लिफ्टमध्ये नोटीस लावली होती: 'आवारात मद्यपान करणाऱ्यांची गय केली जाणार नाही.' 'गय' या शब्दावर त्यांनी बराच विचार केला होता.

"काका! तुमी हंय खंय?" नंदू दुकानाच्या कठड्याला टेकून ओरडला. "औषधाचा दुकान बाजूक हा."

श्यामकांतांनी त्याला कोपऱ्यात घेतलं आणि सगळं सांगितलं. नंदूने ऐकून घेतलं. तो हसला नाही, आणि हेच श्यामकांतांना जास्त लागलं.

"टेन्शन नाय काका. मी हाय ना," तो म्हणाला. "नोटीस अजून हाय लिफ्टमध्ये, पण ती आपण नंतर बघू."

श्यामकांत कायद्याला धरून चालणारे. त्यांनी दुकानदाराकडे आधी पिण्याचा परवाना मागितला. दुकानदार चपापला. त्याने खणातले रबरबँड, जुनी कॅलेंडरं, एक चष्मा बाहेर काढला आणि तळातून परवान्यांचं पुस्तक शोधलं. "काका, एक दिवसाचा पायजे की लाइफटाइम?"

लाइफटाइम हा शब्द श्यामकांतांना झेपला नाही. त्यांनी एक दिवसाचा घेतला. हे पेय तब्येत राखण्यासाठी हवं आहे अशा अर्थाचं काहीतरी त्यावर वाचून त्यांना बरंही वाटलं. पुलाच्या मध्यावर आल्यावर मात्र लक्षात आलं, की आज गुरुवार आणि प्यायचं रविवारी. ते परत गेले आणि रविवारचा मागितला. मग पाहुणे तीन, म्हणून आणखी तीन. दुकानदाराने पुस्तकच त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही घरी बसून भरा. मला गिऱ्हाईक बघू द्या." त्या रात्री श्यामकांतांनी देवव्रतांना नम्र मेसेज पाठवला: 'आपणां सर्वांचे वय व पूर्ण नाव कळवावे.' देवव्रतांनी उत्तरादाखल तीन जन्मपत्रिका पाठवल्या.

जिन मिळाली. कृतीत व्हर्मूथ, म्हणजे जडीबुटी घातलेली वाइन, लिहिली होती; तिच्या जागी पांढऱ्या वाइनची एक बाटलीही मिळाली, वरच्या फळीवरून, धुळीवर फुंकर मारून. अडलं ते तिसऱ्या जिनसापाशी. कृतीत एका परदेशी मुळीचं कडू, पिवळसर फ्रेंच मद्य सांगितलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'कडवटपणा हाच या पेयाचा आत्मा.' ते मद्य मुलुंडमध्ये नव्हतं. ठाण्यातही नव्हतं.

"मुळी कसली?" नंदूच्या आईने, वनमालाकाकूंनी विचारलं. नंदू श्यामकांतांना थेट आपल्या घरीच घेऊन आला होता. "कडू ना? पोटाक चांगली? मगे काडेचिराईत घाल. ताप जाता, जंत जातत, पोट कसा साफ होता. त्या फ्रेंचांक काय ठाऊक हा!"

श्यामकांतांनी मोबाइलवर शोधून पाहिलं. आश्चर्य म्हणजे ती परदेशी मुळी आणि आपलं काडेचिराईत एकाच कुळातली निघाली. कुळ जुळलं म्हटल्यावर मुलुंडच्या माणसाला आणखी काय हवं असतं! त्यांनी काष्ठौषधीवाल्याकडून पाव किलो आणलं. बोटाएवढी एक काडी पुरते, हे त्यांना ठाऊक होतं. पण मद्याच्या जागी घालायचं म्हणजे अर्क दाट हवा, असा त्यांनी हिशेब केला. रात्रभर मोठ्या पातेल्यात भिजत घालून पातेलं बाल्कनीत ठेवलं आणि शुक्रवारी सकाळी ते चहाच्या भांड्यात दीड तास उकळलं.

पुढचे दोन दिवस घरातला चहा कुणी पिऊ शकलं नाही. पण तो घरचा मामला होता. वास मात्र जिन्यात गेला. आणि या वासाचा मराठी माणसाला एकच अर्थ ठाऊक आहे.

"कुणाला ताप आलाय?" चौथ्या मजल्यावरच्या शकुताई दारात उभ्या. "गार्गीला का? डेंग्यू तर नाही ना? प्लेटलेट मोजल्या का?"

"नाही हो. असंच. पोटासाठी."

"पोटासाठी एवढा काढा?" शकुताईंनी वास घेतला. "अहो, हा पन्नास माणसांचा झाला."

दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध आणि तीन डॉक्टरांचे नंबर येऊन पडले. श्यामकांतांनी 'सर्व कुशल आहे, धन्यवाद' असं लिहिलं, त्याखाली सत्तावीस जणांनी हात जोडले. कुशल आहे असं लिहिणारा माणूस काहीतरी लपवतो, हे शकुताईंना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी कळकळीने पालिकेत फोन केला.

शनिवारी सकाळी डासांच्या खात्यातले दोघं जण टॉर्च घेऊन हजर. त्यांनी कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या, एसीची नळी पाहिली आणि बाल्कनीत अर्काच्या दुसऱ्या खेपेसाठी भिजत ठेवलेलं पातेलं पाहिलं. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने टॉर्च आत मारला.

"हे काय?"

"काडेचिराईत," श्यामकांत म्हणाले.

"ते असेल. पण वर झाकण नाही. उघड्यावर साठवलेलं पाणी."

"अहो, यात डास मरेल!"

"मरू दे की. पण नियम पाण्याचा आहे, डासाचा नाही." त्याने वही काढली आणि नोटीस लिहिली. वयस्कर असला तरी त्याचं अक्षर सुरेख होतं. ती नोटीस सोसायटीच्या सेक्रेटरीने दर्शनी भागी लावावी, असा नियम होता. श्यामकांतांनी ती स्वतःच्या हाताने लिफ्टमध्ये लावली, 'गय केली जाणार नाही'च्या शेजारी. लिफ्टमध्ये तेव्हा दोन माणसं होती. दोघंही वर जाईपर्यंत छताकडे बघत राहिली.

शनिवारी दुपारी रंगीत तालीम झाली. कृतीत बर्फाचा एकच मोठा खडा सांगितला होता. शुभाने फ्रीझरमधले मटार हलवून मोठ्या भांड्याला जागा करू दिली नाही, म्हणून श्यामकांतांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून ठेवलं होतं. खडा एकच आला खरा, पण ग्लासात जाईना. तो खलबत्त्यात घालून फोडला, तेव्हा स्वयंपाकघरभर केशर-वेलचीचा वास दरवळला. माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण होतं. एक झाकण जिन, एक वाइन, एक अर्क. ढवळायला आमटीचा डाव. ग्लास लग्नात आलेले, वर गुलाबाची फुलं रंगवलेले.

चव बघायची पाळी आली तेव्हा श्यामकांत अडखळले. पहिला घोट रविवारीच, विधिपूर्वक, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती. त्यांनी ग्लास नंदूकडे सरकवला.

नंदूने एक घोट घेतला आणि ग्लास लांब सरकवला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"काका," तो म्हणाला, "यात साखर टाका."

"अरे, कडवटपणा हाच तिचा आत्मा."

"आत्मा राहू दे हो. जीव जाईल ना यार माणसाचा!" मग जरा थांबून म्हणाला, "काका, एक सांगू? गार्गीला सांगून टाका. ती समजून घेईल. त्या दिवशी तुम्ही जिन्यात ओरडत होता ना, तेव्हा मी खालीच होतो. पोरगी खूप रडली होती. आईने तिला आमच्याकडे बसवलेली."

श्यामकांतांना हे माहीत नव्हतं. ग्लास धुताना त्यांच्या हातून एक गुलाबाचा ग्लास निसटून फुटला. त्या संध्याकाळी ते दोनदा गार्गीच्या खोलीपर्यंत गेले. पहिल्यांदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा तिने फोन ठेवलेला होता, तरी ते परत फिरले.

रविवारी सहाला पाहुणे आले. देवव्रत, त्यांच्या पत्नी क्षमा आणि निहार. येतानाच देवव्रतांनी लिफ्टमध्ये दोन्ही नोटिसा वाचल्या होत्या. "मद्यपानाची सेक्रेटरीच्या सहीने आणि डासांची सेक्रेटरीच्याच नावाने! परचुरे, तुम्ही भारी माणूस आहात," ते म्हणाले. श्यामकांतांनी आधी सगळ्यांच्या हातात परवाने दिले. मग ट्रे आणला.

पेयाचा रंग फिका सोनेरी असायला हवा होता. तो गॅरेजमधल्या चिंध्या पिळल्यासारखा आला होता. वर मोसंबीची साल तरंगत होती. देवव्रतांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला. त्यांच्या कपाळावरची एक शीर उठली. पण माणूस अनुभवी. "वेगळी आहे," ते म्हणाले. "कडूपणाला बिटर कुठलं वापरता?"

"घरगुती."

"आणि... कधीपासून घेता ही?"

श्यामकांत ट्रेवर सांडलेला थेंब रुमालाने पुसत राहिले. क्षमाबाई ग्लासाच्या कडेला ओठ लावून तसेच मागे घेत होत्या. निहारने ग्लास टीपॉयवरून हळूच वर्तमानपत्राच्या आड सरकवला होता. आणि तेवढ्यात गार्गीने, कुणी दिला नसताना, ट्रेमधला एक ग्लास उचलला.

एक घोट घेतला आणि ती थांबली. लहानपणी दर पावसाळ्यात अनशापोटी हेच पाणी तिच्या घशाखाली ओतताना श्यामकांतांनी तिचं नाक धरलेलं होतं. तिला कळायला क्षणही लागला नाही. तिने वडिलांकडे पाहिलं. आपला बाप कधीच काही घेत नव्हता, जन्मात कधी घेतलं नाही आणि ते कसं लपवावं हेसुद्धा त्याला जमत नाही, हे सगळं तिच्या चेहऱ्यावर श्यामकांतांना वाचता आलं. आता ती खरं बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं.

"काका, आमच्याकडे अशीच असते," गार्गी देवव्रतांना म्हणाली. "बाबा कायम अशीच बनवतो. सवय लागते हळूहळू." आणि डोळा न मिटता तिने अख्खा ग्लास रिकामा केला.

श्यामकांतांना वाटलं, जमीन दुभंगावी. ज्या मुलीला एका ग्लासापायी त्यांनी साऱ्या इमारतीदेखत उभं केलं होतं, ती त्यांची अब्रू राखायला हे विष पिऊन वर खोटं बोलत होती. आणि तेही किती सहज! हे खोटं तिला त्यांनीच शिकवलं होतं, गेल्या रविवारी, टॅक्सीत, भांडुपच्या पुढे.

ते उभे राहिले. हातात त्यांचा स्वतःचा भरलेला ग्लास होता.

"ती खोटं बोलतेय," ते म्हणाले. "माझ्यासाठी. मी कधीच घेतलेली नाही. हे काडेचिराईत आहे. पेपरात वाचलं होतं, तुमच्यासमोर छाप पडावी म्हणून फेकलं." शुभा पुढे झाली, पण त्यांनी तिला हातानेच थांबवलं. एकदा सुटलेली गाडी त्यांना थांबवता येईना. "आणि हिने दोन वर्षांपूर्वी एक ग्लास बियर घेतली म्हणून मी हिला दारात उभी करून नाही नाही ते बोललो. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून आता सगळ्यांसमोर सांगतो. चुकलो मी. अकरा दिवस हिच्याशी बोललो नाही."

आपण माफी मागता मागता मुलीची बियर तिच्या होणाऱ्या सासूपुढे मांडून बसलो, हे श्यामकांतांच्या डोक्यात तेव्हा कुठे शिरलं. क्षमाबाईंनी सावकाश निहारकडे पाहिलं. निहारने पंख्याकडे पाहिलं. देवव्रतांनी खाकरून ग्लास टीपॉयवर ठेवला.

"चौदा," गार्गी म्हणाली.

"काय?"

"चौदा दिवस, बाबा." ती रिकाम्या ग्लासाकडे बघत होती. "अकराव्या दिवशी तू 'ती जेवली का' म्हणून विचारलंस. ते आईला विचारलंस. माझ्याशी नाही बोललास."

श्यामकांतांनी तो दिवस दोन वर्षं आपल्या बाजूला जमा धरला होता. आपणच आधी नमतं घेतलं, अशी त्यांची समजूत होती. ते देवव्रतांकडे वळले.

"चौदा," ते म्हणाले. "अकरा नाही. चौदा दिवस."

कुणी हसलं नाही. काय करावं न सुचून श्यामकांतांनी हातातला ग्लास तोंडाकडे नेला. गार्गी उठली आणि तिने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "तुला नाही सोसायचं."